न दिसणाऱ्या दुखण्याचे मोल



मोडलेला हात सर्वांना दिसतो आणि त्याची विचारपूसही होते. वर्षानुवर्षे दुखणारी कंबर मात्र कोणालाच दिसत नाही. किंबहुना, धडधाकट दिसणारा माणूस कामाला नाही म्हणाला, तर त्याला कामचुकार ठरविण्याकडेच आपला कल असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. मूळची इजा भरून आली, तरी मज्जासंस्था हळवी झाल्यामुळे अशी वेदना कायम राहू शकते. तपासणीत काही आढळले नाही, म्हणजे दुखत नाही, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अकार्यक्षम करणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे.

आपल्या राज्यात या प्रश्नाचे खरे स्वरूप पाहावयाचे, तर ऊसतोडणी कामगारांकडे पाहावे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. दिवसभर वाकून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये चढवावयाच्या, हा पाचसहा महिन्यांचा क्रम. कंबर, मान आणि गुडघे यांनी त्याची किंमत मोजली नाही, तरच नवल!

आता या वेदनेचा हिशेब पाहू. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दुखण्यामुळे एक दिवस काम बुडाले, की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय 'खाडा' म्हणून वेगळी रक्कम अंगावर चढते. एकाची कंबर धरली, तर अख्खा कोयता थांबतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते, आणि तीच कंबर घेऊन पुन्हा तोच फड गाठावा लागतो. मग दुकानातील वेदनाशामक गोळी हाच रोजचा आधार होतो. अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. म्हणजे एका दुखण्यावर दुसरे दुखणे उभे राहते.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट किती टोकाला जाते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोडणी महिलांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ओटीपोटातील दुखणे आणि खाड्याची भीती एकत्र आली, की अवयव काढून टाकणे हाच सोपा उपाय वाटू लागतो.

कायद्याच्या दृष्टीनेही असा रुग्ण अधांतरीच राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान नाही. प्रमाणपत्र नाही, म्हणून सवलत नाही. आणि दुखणे दिसत नाही, म्हणून सहानुभूतीही नाही.

मग आपण काय करावे? ग्रामपंचायतीने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवावी आणि जाण्यापूर्वी व परतल्यावर त्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होईल असे पाहावे. आशा कार्यकर्तीने गोळ्या कोण रोज घेतो, याची आपुलकीने चौकशी करावी. योग्य व्यायाम, वेळीच उपचार आणि भार उचलण्याची सुरक्षित पद्धत यांनी पुष्कळ दुखणी आटोक्यात राहतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेण्यास स्त्रियांना साहाय्य करावे. शिक्षकांनी तर विशेष दक्ष राहावयास हवे. कारण आईची कंबर धरली, की तिच्या वाट्याचे काम बहुधा मुलीच्या अंगावर येते आणि हजेरीपटावरील तिचे नाव निःशब्दपणे मागे पडते. अशा मुलीला हंगामी वसतिगृहात ठेवता आले, तर तिचे वर्ष वाचेल.

वेदना मोजण्याचे यंत्र अद्याप कोणाजवळ नाही. दुखणाऱ्याचा शब्द हेच तिचे पहिले प्रमाण होय. तो शब्द खरा मानून त्याची नोंद घेणे, एवढे तरी प्रत्येक गावाला खचित करता येईल.