नोकरीतील पहिला वाईट शेरा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. दरवर्षी या व्यासपीठावर नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. आताच झाला, आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. चांगली गोष्ट आहे. पण आम्हाला आज त्या सत्कारानंतरचे बोलायचे आहे. नोकरी लागते, हार पडतो, वस्तीत पेढे वाटले जातात. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, तुमचे काम बरोबर नाही. त्या दिवशी त्या मुलाजवळ कोण असते? त्या दिवशी हार घेऊन कोणी येत नाही. तो मुलगा मान खाली घालून घरी येतो आणि आईला म्हणतो, "भूक नाही."

हे आम्हाला कसे ठाऊक? कारण आम्हीच तो मुलगा होतो.

आम्ही १९८६ साली सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. वडील गिरणीत रिंग खात्यात होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि वडील जे घरी बसले ते कायमचे बसले. आई चार घरची धुणीभांडी करायची. अशा घरातला मुलगा सरकारी नोकरीला लागला म्हटल्यावर काय आनंद झाला असेल तुम्हीच विचार करा. याच विहारात आमचा सत्कार झाला. आईने त्या हारातले एक फूल कित्येक दिवस डब्यात जपून ठेवले होते.

पुढच्याच वर्षी हातात लिफाफा पडला. त्या काळी गोपनीय अहवाल हा खरोखरच गोपनीय असायचा. चांगले लिहिले तर कळायचे नाही, वाईट लिहिले तरच कळवायचे. आम्हाला कळवले होते. तीन ओळी होत्या. काम मंद आहे. बरीच प्रकरणे प्रलंबित आहेत. वारंवार जागेवर नसतो.

तीन ओळींनी आमची झोप उडाली. नोकरी जाणार, असेच वाटले. जाणार नव्हती, पण नव्या माणसाला काय माहीत? त्याहून मोठी भीती वस्तीची होती. ज्यांनी हार घातला त्यांना तोंड कसे दाखवायचे? आठ दिवस आम्ही कुणाला काही बोललो नाही. नवव्या दिवशी रात्री वडिलांनी विचारले, "काय झालंय तुला? जेवण उतरत नाय, झोप नाय." आम्ही सगळे सांगितले. वडील फार शिकलेले नव्हते. पण ते जे बोलले ते आम्हाला छत्तीस वर्षांच्या नोकरीत पुरले.

ते म्हणाले, "आरं, रिंगवर दिवसातनं किती येळा तार तुटती, हाय का मोजदाद? तार तुटली म्हनून कोन मशीन सोडून घरी येतं का? जोडायची अन् पुढं जायाचं. पर आधी बघायचं, कशानं तुटली. कवा आपला हात चुकतो. कवा मशीनच बिघडलेलं असतं. अन् कवा कापूसच वाईट आलेला असतो. समदं आपल्यावर घ्यायचं नाय, अन् समदं दुसऱ्यावर ढकलायचं बी नाय."

बंधू-भगिनींनो, आमचे आजचे सगळे भाषण या चार वाक्यांतच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तीन ओळी कागदावर उतरवल्या आणि एकेकीपुढे खरे काय ते लिहायला बसलो. लिहिताना हात थांबला. कारण आमच्या टेबलाच्या खालच्या खणात सतरा पत्रे पडून होती. त्यांचे उत्तर कसे लिहायचे हे आम्हाला येत नव्हते, म्हणून ती खणात गेली होती. विचारले का नाही? भीती. विचारले तर म्हणतील, "याला काही येत नाही, हा सवलतीने आलाय." हे वाक्य कार्यालयात आम्ही दुसऱ्याच्या बाबतीत कानाने ऐकले होते. त्या एका वाक्याच्या भीतीने आम्ही वर्षभर विचारले नाही, आणि न विचारल्यामुळेच काम मंद झाले. म्हणजे पहिल्या दोन ओळी खऱ्या होत्या.

तिसरी ओळ मात्र खोटी होती. आम्ही सर्वांत नवीन, म्हणून या कार्यालयातून त्या कार्यालयात टपाल घेऊन आम्हालाच पिटाळले जायचे. माणूस टपाल द्यायला गेला तर जागेवर दिसणार कसा? टपालवहीत तारखेसह सह्या होत्याच.

मग आम्ही धीर करून हेडक्लार्कपुढे ती सतरा पत्रे ठेवली. वाटले होते, ओरडतील. ते म्हणाले, "अहो, मग आधी का नाही आणलीत?" रोज सायंकाळी अर्धा तास त्यांनी आम्हाला टिपणी कशी लिहायची ते शिकवले. आधी विषय, मग मागची हकिगत, मग नियम, मग आपला प्रस्ताव. पंधरा दिवसांत खण रिकामा झाला. शेऱ्याला आम्ही लेखी उत्तर दिले. पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या आणि काय सुधारणा केली ते लिहिले. तिसरी अमान्य केली आणि टपालवहीतल्या नोंदींची यादी जोडली. तिसरा शेरा काढून टाकण्यात आला. पहिले दोन राहिले. ते राहायलाच हवे होते. पुढच्या वर्षी लिफाफा आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचे झाले. खरे आहे. आता आमची मुले बँकेत आहेत, कॉलसेंटरमध्ये आहेत, सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत आहेत. लिफाफा जाऊन मेल आला. शेरा जाऊन रेटिंग आले. पण रात्री जेवण न उतरणे तेच आहे. गेल्या वर्षी एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याचे प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवले होते. शेरा होता, "संवाद कमी पडतो." मुलगा हुशार, काम चोख. पण मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत फडाफडा बोलतात आणि हा गप्प बसतो. त्याने राजीनामा लिहूनच आणला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. त्याला आम्ही जे सांगितले, तेच इथे सांगतो.

पहिली गोष्ट. त्या दिवशी काहीही करू नका. राजीनामा नाही, भांडण नाही, रागाचे उत्तर नाही. कागदावर सही मागितली तर "प्रत मिळाली" असे लिहून तारीख टाका. मिळाले म्हणणे वेगळे आणि मान्य आहे म्हणणे वेगळे.

दुसरी गोष्ट. शेऱ्यातली प्रत्येक ओळ वेगळी लिहा. खरे कोणते, खोटे कोणते, आणि मोघम कोणते. "संवाद कमी पडतो" हे मोघम आहे. अशा वेळी साहेबांना नम्रपणे विचारायचे, "सर, एखादे उदाहरण सांगाल का? पुढच्या महिन्यात नेमके काय दिसले तर सुधारणा झाली असे आपण समजाल?" त्या मुलाने विचारले. उत्तर आले की, काम अडले तर हा शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही. म्हणजे दोष इंग्रजीचा नव्हताच. आमच्या सतरा पत्रांचाच तो भाऊ होता! साहेबांशी जे बोलणे झाले ते त्याच दिवशी चार ओळींच्या मेलने कळवून ठेवा, म्हणजे पुढे शब्द फिरत नाहीत.

तिसरी गोष्ट. एक वही करा. आज काय काम केले, कुणी सांगितले, कधी दिले, रोज दोन ओळी. वर्षाच्या शेवटी साहेबांना शेवटचे दोन महिने तेवढे आठवतात. तुमच्या वहीला बारा महिने आठवतील.

चौथी गोष्ट, नियम माहीत करून घ्या. सीमा सडक संघटनेतल्या एका अभियंत्याला १९९३-९४ च्या अहवालात "चांगला" असा शेरा होता. बढतीसाठी "अतिशय चांगला" लागत होता. हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता, आणि त्यापायी बढती अडली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, शेरा वाईट असो की चांगला, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपले म्हणणे मांडता येईल. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग यांच्या खटल्यात हेच पक्के केले. केंद्र सरकारने मे २००९ मध्ये आदेश काढला की संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा आणि म्हणणे मांडण्यासाठी पंधरा दिवस द्यावेत. पंधरा दिवस म्हणजे पंधराच. आमची मुले रडण्यात दहा घालवतात आणि उरलेले पाच लाजण्यात. खाजगी कंपनीला हे आदेश लागू नाहीत, तिथे नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते वाचावे. प्रोबेशनमध्ये संरक्षण कमी असते, म्हणून तिथे पहिल्या शेऱ्यालाच जागे व्हावे.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या पोरांच्या मनात एक प्रश्न असतोच की, हे माझ्या जातीमुळे झाले का? कधी कधी झालेले असते. ते नाकारणारे आम्ही नाही. खुद्द बाबासाहेब परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि कचेरीतही अपमानच वाट्याला आला. तो काय त्यांच्या कामाचा दोष होता? पण म्हणून प्रत्येक शेरा जातीचाच, असे धरून चाललो तर आपल्या खणातली सतरा पत्रे आपल्याला कधीच दिसणार नाहीत. आणि उलट, सगळा दोष आपलाच धरला तर अन्याय पचवायची सवय लागेल. म्हणून वही ठेवायची. त्याच कामाला दुसऱ्याला चांगले आणि आपल्याला वाईट असे पुन्हा पुन्हा दिसले, टोमणे ऐकू आले, तर तारखेसह लिहून ठेवा. संघटनेकडे जा. केंद्राच्या कार्यालयांत अनुसूचित जातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे जा. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार करता येते. पण हातात कागद पाहिजे. नुसत्या रागावर तक्रार टिकत नाही.

विहारात उभे आहोत, म्हणून अतुल उपासकाची गोष्ट आठवते. श्रावस्तीचा हा उपासक आपल्या मंडळींना घेऊन धम्म ऐकायला निघाला. रेवत स्थविरांकडे गेला, ते मौन होते. हा रागावला, "काही बोललेच नाहीत." सारिपुत्तांकडे गेला, त्यांनी खोलवर आणि पुष्कळ सांगितले. हा रागावला, "इतके लांबण कशाला?" आनंदांकडे गेला, त्यांनी थोडक्यात सांगितले. तरी रागावला, "एवढेच?" शेवटी तथागतांकडे गेला, तेव्हा त्यांनी समजावले की निंदा ही आजची गोष्ट नाही, गप्प बसणाऱ्याची होते, फार बोलणाऱ्याची होते आणि बेताने बोलणाऱ्याचीही होते. पाहा, सारिपुत्त-आनंदांसारख्यांनाही वाईट शेरा चुकला नाही! मग आम्ही-तुम्ही कोण?

शेवटी दोन शब्द घरातल्या मंडळींना. मुलगा गप्प झाला, मुलगी कामावर जायला टाळू लागली, तर "शेजारच्याचा बघ कसा साहेब झाला" असे म्हणू नका. सूनबाई पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करून ऑफिसला जाते आणि तिथे उशिराचा शेरा खाते, तर तो शेरा तिच्या एकटीचा नाही, सगळ्या घराचा आहे. घरातली कामे वाटून घ्या. आणि कुणाच्या तोंडून जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

तो मुलगा आज त्याच कंपनीत आहे. राजीनाम्याचा कागद त्याने आमच्याच घरी फाडला. पण समजा, नोकरी गेली असती तरी? तरीही तो आपलाच मुलगा होता, दुसरी नोकरी शोधली असती.

म्हणून समितीला आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास आम्ही निवृत्त मंडळी इथे बसू. ज्याला शेरा आला असेल त्याने कागद घेऊन यावे. टिपणी कशी लिहायची, उत्तर कसे द्यायचे, आम्ही सांगू. ज्या विहाराने हार घातला, त्याच विहारात तो कागदही उघडता आला पाहिजे. सत्कार झालेल्या मुलांनो, आज हार घरी न्या. आणि कधी तार तुटलीच, तर इकडे या. कशानं तुटली ते मिळून बघू आणि जोडू.