कसोटीचीही कसोटी
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जगाच्या कामात हात कसा घालावा, त्यांना वाट कोणी व कशी दाखवावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा संस्थेने मला केली, याबद्दल मी आभारी आहे. आपल्या जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुले शिकत आहेत, पदव्याही घेत आहेत. परंतु पदवी हातात पडल्यावर "अनुभव काय?" हा प्रश्न येतो आणि ओळखपाळख नसलेल्या घरातील मूल तेथे अडते. हा अनुभव घरी बसून, कोणाला एक पैसा न देता मिळविण्याचा एक मार्ग आहे. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

काही आज्ञावली अशा असतात की त्यांचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो. कोणीही तो वाचावा, वापरावा, त्यात सुधारणा सुचवावी. यांना मुक्त स्रोत म्हणतात. 'गिट' ही त्यांपैकीच एक. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती सुरू केली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो तिची देखभाल करीत आहेत. कोणत्या फाइलीत कोणी, केव्हा, काय बदल केला याची चोख वही ठेवणे हे तिचे काम. जगातील बहुसंख्य संगणक-कारागीर आज ही वही वापरतात.

आता अशा आज्ञावलीत एकाने बदल केला आणि दुसरीकडे काही बिघडले, तर ते कळणार कसे? त्यासाठी स्वयंचलित चाचण्या असतात. चाचणी म्हणजे छोटी आज्ञावलीच. ती मूळ आज्ञावलीला काम करायला लावते आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आले की नाही ते पाहते. गिटमध्ये अशा चाचण्यांच्या फाइली हजाराच्या घरात आहेत. त्यांतील काही अगदी आरंभीच्या वर्षांतील असून जुन्या धाटणीने लिहिलेल्या आहेत. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काम म्हणून त्यांतील एखादी फाइल नव्या पद्धतीने लिहून काढण्यास सुचविले जाते.

पालक विचारतील, चालणारी वस्तू बदलायची कशाला? वणी, पांढरकवडा, घाटंजीच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते, तेव्हा शेतकऱ्याची नजर आकड्यावर असते. पण काटाच खोटा असेल तर? म्हणून शासनाचा वैधमापन विभाग काटा तपासून त्यावर मुद्रा उमटवितो. चाचणी हा आज्ञावलीचा काटा आहे. नापास करण्याची ताकद ज्या चाचणीत नाही, ती अडकलेल्या काट्यासारखी. समोर काहीही ठेवा, आकडा तोच.

जुन्या चाचण्यांतील एक दोष उदाहरणादाखल सांगतो. एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेकडे सोडण्याची सोय असते, तिला पाइप म्हणतात. पहिली आज्ञा गिटची, आणि दुसरी त्या उत्तरात हवा तो शब्द शोधणारी. परंतु संगणक यशापयशाचा निकाल धरतो तो फक्त शेवटच्या आज्ञेचा. गिट हवा तो शब्द लिहून मध्येच कोसळले, तरी शोधणारीला शब्द सापडतो आणि चाचणी 'पास' म्हणते! उपाय साधा आहे. गिटचे उत्तर आधी फाइलीत लिहून घ्यावे, गिट यशस्वी झाले का ते पाहावे आणि मग त्या फाइलीत शोध घ्यावा.

दुसरा प्रकार फाइल अस्तित्वात आहे की नाही हे पाहण्याचा. जुन्या पद्धतीने पाहिले तर चाचणी मुकाट्याने नापास होते, कारण सांगत नाही. नव्या पद्धतीत त्यासाठी खास सहायक आज्ञा आहेत. त्या "अमुक फाइल नाही" असे स्पष्ट बोलतात. मात्र येथे विवेक हवा. जेथे "फाइल असेल तर असे करा, नसेल तर तसे" एवढाच प्रश्न असतो, तेथे फाइल नसणे हा दोष नव्हे. तेथे ही सहायक आज्ञा घालणे चूक ठरते. डोळे मिटून सगळीकडे शब्द बदलणाऱ्या विद्यार्थ्याला तपासणारे नेमके येथेच पकडतात.

विद्यार्थी मित्रांनो, कामाची रीत अशी ठेवा. एकच फाइल निवडा, आणि दुसरा कोणी ती हाती घेऊन बसला नाही ना, हे पाहा. त्या फाइलीचा जुना इतिहास वाचा, कारण वेडीवाकडी दिसणारी ओळ कधी कधी कारणानेच तशी असते. बदलापूर्वी ती चाचणी आपल्या संगणकावर चालवून पाहा. जुना लॅपटॉप पुरतो, सगळ्या हजार फाइली चालवायला वेळ लागेल, पण एकीला लागत नाही. मोकळ्या जागा आणि मांडणी सुधारायची असेल तर तो बदल वेगळा ठेवा, अर्थाचा बदल वेगळा. दोन्ही एकत्र केले की तपासणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, नवी चाचणी पास झाली म्हणून आनंदून थांबू नका. तिची अपेक्षा मुद्दाम चुकीची लिहून पाहा, किंवा मूळ आज्ञावलीत क्षणभर बिघाड करून पाहा. चाचणी ओरडली पाहिजे. ओरडली नाही, तर तुम्ही काट्याला नुसता रंग दिला, काटा दुरुस्त केला नाही. खात्री झाली की केलेला बिघाड काढून टाका.

मग बदल ईमेलने पाठवायचा. सोबतच्या मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहायचे आणि खाली आपल्या नावाची सही करायची. हे काम पाठविण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही त्या सहीने दिली जाते. म्हणून दुसऱ्याचे उचललेले किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले, स्वतःला न उमगलेले काम त्या सहीखाली पाठवू नये. उत्तरात दोष दाखविले जातील, तेही सर्वांसमक्ष. वाईट वाटून घेऊ नका. दोष कामाचा दाखवितात, माणसाचा नव्हे. सुधारून दुसरी प्रत पाठवा, लागली तर तिसरी, चौथी. जाणत्या माणसांचेही बदल अशाच फेऱ्यांतून जातात.

वाट दाखविणाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. आपल्या गावातील गॅरेजमध्ये उस्ताद शागीर्दाच्या हातात पाना देतो आणि शेजारी उभा राहतो. नट तोच सोडवू लागला तर पोरगा दहा वर्षांनीही पानाच पुसत राहील. मोठ्या भावांनी, शिक्षकांनी धाकट्यांसाठी ओळी लिहून देऊ नयेत. "ही चाचणी केव्हा नापास होईल?" एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगतो. या कामासाठी घर सोडावे लागत नाही. 'गूगल समर ऑफ कोड' हा उपक्रम २००५ पासून आहे आणि २०२२ पासून तो विद्यार्थ्यांखेरीज इतर नवशिक्यांनाही खुला झाला. १८ वर्षे वय पूर्ण लागते. २०१० साली मुलींसाठी म्हणून सुरू झालेला, पुढे 'आउटरीची' या नावाने ओळखला जाऊ लागलेला उपक्रमही असाच दूरस्थ कामाचा. दोन्हींत निवड झाल्यास मानधन मिळते, आणि निवडीपूर्वी असे छोटे काम करून दाखवावे लागते. प्रवेशासाठी कोणी शुल्क मागितले तर समजावे की तो फसवितो आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाकडूनही मुक्त स्रोताचे काम शिकता येते, आणि तेथील 'स्पोकन ट्युटोरियल'चे अनेक पाठ मराठीत आहेत.

हे काम करून नोकरी मिळेलच, असे वचन मी देत नाही. पण स्वीकारलेला बदल त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावासह, तारखेसह गिटच्या इतिहासात कायम राहतो. दिग्रस किंवा उमरखेडच्या मुलीचे नाव तेथे मोठमोठ्या कंपन्यांतील अभियंत्यांच्या नावांशेजारी येते, आणि ते पाहण्यासाठी कोणाच्या शिफारसचिठ्ठीची गरज पडत नाही. "अनुभव काय?" या प्रश्नाला ती ते पान उघडून उत्तर देऊ शकते.

तेव्हा पालकांनो, मुलाने संगणकासमोर तीन रात्री घालवून एका फाइलीतील दहाच ओळी बदलल्या, तर "एवढेच?" असे म्हणू नका. त्या दहा ओळींची कसोटी त्याने घेतली का, एवढे मात्र अवश्य विचारा.