खेळण्यांचा बटवा

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाण्याच्या खाडीकांठीं नवी मुंबई वसूं लागली. तेथील रबाळें येथें कारखान्यांलगतच्या वस्तींत कित्येकांचा सारा संसार एकाच खोलींत असतो. अशा घरीं खेळण्यांची पेटी ठेवावी, तर खेळावयास जागा उरत नाहीं. न ठेवावी, तर पसाऱ्यापायीं मुलाला रोज बोल बसतात.

यावरचा तोडगा आजीच्या बटव्यांत आहे. जाड सुती कापडाचें चार फूट व्यासाचें वर्तुळ कापून कडेला नेफा शिवावा व त्यांत नाडी ओवावी. पसरलें कीं तें मुलाचें क्रीडांगण. नाडी ओढली कीं खुंटीला टांगण्याजोगी पिशवी. माँटेसोरी पद्धतींतहि मूल स्वतःची चटई अंथरून तेवढ्यांतच साधनें मांडतें.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्तुळाचा परीघ सुमारें साडेबारा फूट. बटवा आवळला कीं जवळजवळ तेवढी नाडी बाहेर लोंबते व मुलाच्या गळ्याला फांस बसूं शकतो. ती वडील माणसानेंच गुंडाळून उंच ठेवावी. तीन वर्षांखालील मुलासाठीं नाडी नकोच. चौकोनी कापडाचीं चार टोंकें बांधून गांठोडें करावें. खेळणीं गोळा करण्याचें काम तेवढें मुलाकडे राहूं द्यावें. आवरणें हाहि खेळाचाच शेवटचा डाव आहे.