ताट आता तुमच्या हातात

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

मी धारवाडच्या सप्तापुरात पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या. सोबत शेंगांची चटणी. पहिले चार दिवस त्यावरच निघाले, पाचव्या दिवशी खानावळ लागली. त्या खानावळीतल्या आजी कानडी बोलायच्या, मी मराठी बोलायचो. भाकरी वाढता वाढता त्यांनी मला कानडी शिकवलं आणि मी त्यांना थोडं मराठी. धारवाडात हे नवं नाही. ज्यांची मातृभाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे साधनकेरीत राहून कानडीचे महाकवी झाले आणि मराठी कथेला वेगळी उंची देणारे जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत राहिले. त्या शेजारधर्माला स्मरून आज मराठीत बोलायची मुभा दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

दीक्षान्ताच्या दिवशी ध्येय, राष्ट्र, यश यांविषयी ऐकायची तयारी ठेवून तुम्ही आला असाल. मी तुमच्याशी जेवणाविषयी बोलणार आहे. विषय या प्रसंगाला लहान नाही. गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला करायचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे. आपल्या दीक्षान्ताची परंपरा त्याच्याशी नातं सांगते. त्याच उपनिषदात पुढे भृगूचा शोध येतो. ब्रह्म म्हणजे काय, हे शोधायला निघालेल्या त्या मुलाला पहिलं उत्तर सापडतं ते अन्नात. तो पुढे बराच वर चढतो, पण पहिली पायरी अन्नाचीच.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्यापैकी अनेकांची होऊ शकते आणि ती टाळता येते.

मी डॉक्टर झालो. अंगाने सडपातळ होतो, आजही आहे. शिकताना रात्री जागलो, नोकरी लागल्यावर रात्रपाळ्या केल्या. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी मिळेल तो भात, संध्याकाळी भजी, रात्री उशिरा भरपेट जेवण आणि लगेच झोप. रुग्णांना पथ्य सांगत होतो, पण माझी पँट वीस वर्षं त्याच मापाची होती, म्हणून माझा स्वतःविषयी काही प्रश्नच नव्हता. एकोणचाळिसाव्या वर्षी एका साध्या तपासणीत उपाशीपोटी साखर १४२ निघाली. १२६ किंवा त्याहून जास्त निघाली आणि पुन्हा तपासून तशीच आली, की मधुमेह म्हणतात. माझी दुसऱ्यांदाही तशीच आली. त्या दिवशी मला कळलं, की मी आयुष्यभर आरशाला विचारत होतो आणि आरशाला आतलं दिसत नाही.

सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, याचं उत्तर आपल्याच माणसाने शोधलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपलं बाळ लहान हे कोणालाही दिसलं असतं. पण त्यांनी बाळांची नीट मोजमापं घेतली, तेव्हा दिसलं की आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आहेत आणि चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचंही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक.

म्हणून मुलांनो, ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हे वाक्य आज इथेच सोडून जा. जगात बीएमआय २५ पर्यंत ठीक मानतात, आपल्यासाठी इशारा २३ लाच सुरू होतो. त्याहून सोपं माप शिंप्याच्या टेपने घ्या: कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, स्त्रीची ८० च्या आत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांत तुमच्या वयाचेही आहेत, आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. मला माझं पाऊल उशिरा वळवता आलं. माझं औषध सुटलं नाही, पण गेली कित्येक वर्षं त्याची मात्रा वाढलेली नाही. माझं मागणं एवढंच, की तुम्ही माझ्या वयाची वाट पाहू नका.

मग करायचं काय? त्यासाठी परदेशी फळं, महागडे डबे, मोबाइलवरचे सल्ले यांच्यामागे जायचं कारण नाही. तुम्ही ज्या मातीतून आलात त्या मातीचं ताट डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगांची नाहीतर कारळ्याची चटणी, कच्ची मेथी, कांदा, काकडी, वाटीभर दही. नवलगुंदपासून सोलापूरपर्यंत आणि विजापूरपासून लातूरपर्यंत हे ताट थोड्याफार फरकाने एकच आहे. तिकडे महाराष्ट्रात वेळ अमावास्येला लोक शेतात जाऊन पंगत मांडतात, इकडे एळ्ळ अमावास्येला जातात. आपल्या धान्याला घेऊन सण करणारी माणसं आहोत आपण.

हे ताट आरोग्याचं का, ते साधं आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनपेक्षाही कमी. तंतूंमुळे अन्न सावकाश पचतं, साखर रक्तात एकदम उसळत नाही आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. उसळ आणि दही प्रथिनं देतात. आणि आपल्याला जन्मतःच कमी मिळालेले स्नायू प्रथिनांशिवाय वाढत नाहीत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरड तृणधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. जे धान्य आपण गरिबीची खूण समजून पानातून बाजूला सारलं, त्याला जगाने पाटावर बसवलं. ज्वारीसारखाच आपल्या भागातला खपली गहू: त्याच्या सुधारित जातींवर याच धारवाडच्या कृषी विद्यापीठात काम झालं आहे. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जे आहे, ते आधी ओळखा.

मी भात सोडा म्हणत नाही. भात ताटाच्या मधोमध बसला आहे, त्याला थोडं कडेला सरकवा. अर्धं ताट भाजी, पालेभाजी आणि कोशिंबिरीचं. उरलेल्या अर्ध्यात भाकरी-भात आणि डाळ-उसळ. संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट खा, त्यात कांदा, टोमॅटो, डाळ्याचं पीठ सगळं चांगलं आहे. सोबतची मिरची भजी मात्र रोजची नको, आठवड्याची असू द्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढंच शरीराला पुरतं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरायचं. शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक चुकवू नका आणि वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्या. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या बहुतेक मातांमध्ये तेच कमी पडलेलं आढळलं होतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो अन्नातलं लोह शरीराला नीट मिळू देत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा, ते लोह शोषायला मदत करतं. सवय बदलायला एवढ्या बारीक गोष्टी पुरतात.

आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे, शतपावली. जेवण झाल्यावर चालणं. आपले आजोबा ती करायचे, आपण ती सोडून खुर्चीत बसून मोबाइल घेतला. जेवणानंतर स्नायू हलले, की ते रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल साखरेवर थेट काम करते. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सप्तापुरात राहून तुम्हाला यासाठी पैसे मोजावे लागले नाहीत. कर्नाटक कॉलेजचं मैदान हाकेच्या अंतरावर होतं, केलगेरीचं तळं होतं, साधनकेरी होती. उद्या बंगळुरूला, पुण्याला गेलात, की घर घेताना बसथांबा किती जवळ हे विचाराल. चालायला जागा किती जवळ, हेही विचारा.

आणि झोप. हे मी तुम्हालाच सांगायला हवं, कारण या परिसरातल्या खोल्यांचे दिवे रात्री दोनपर्यंत जळत असतात, हे मला माहीत आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं इथे राहतात, त्यांच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण १९९९ साली शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद स्पष्टपणे घटली, आणि पुरेशी झोप मिळाल्यावर ती परत आली. त्यांनी खाण्यात काही गुन्हा केला नव्हता, फक्त झोपले नव्हते. सात-आठ तासांची झोप अभ्यासातून चोरलेली नसते. वाचलेलं पक्कं बसतं तेही झोपेतच.

या सगळ्यात थोडंफार मागेपुढे झालं तर शरीर सांभाळून घेतं. एकाच गोष्टीत ‘थोडंसं’ चालत नाही, ती म्हणजे तंबाखू. विडी असो, सिगारेट असो, गुटख्याची पुडी असो. अभ्यासाच्या ताणात कुणाच्या हातात ती आली असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरकडे जा. सोडवायला मदत मिळते.

इथवर मी तुमच्या ताटाबद्दल बोललो. पण तुमची पदवी फक्त तुमची नाही. तुमच्यातलं कोणी उद्या तहसीलदार होईल, कोणी शाळेत शिक्षक, कोणी वसतिगृहाचं व्यवस्थापन पाहील, कोणी कंपनीत शे-दीडशे माणसांचं. म्हणजे अंगणवाडीतला पोषण आहार, शाळेतलं मधल्या वेळचं जेवण, वसतिगृहाची भाजी, उपाहारगृहात काय शिजावं याचा ठेका, या सगळ्यावर तुमची सही असेल. चांगलं खावंसं वाटूनही ज्यांना परवडत नाही, मिळत नाही, अशी माणसं आपल्या भोवती फार आहेत. त्यांना पथ्य सांगून भागणार नाही. त्यांच्या ताटात उसळ, अंडं, पालेभाजी पडेल असं पाहणं तुमच्या अधिकारात येईल. ती सही करताना आजचा दिवस आठवा.

शेवटची गोष्ट घरची आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. याज्ञिकांच्या संशोधनाचं सारही हेच आहे, की मुलाचं शरीर आईच्या ताटातून घडायला सुरुवात होते. आणि आपल्या घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं, उभ्या-उभ्या कोण खातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या ट्रंकेतल्या भाकऱ्या ज्या पहाटे थापल्या गेल्या, त्या पहाटे आईने स्वतः काय खाल्लं होतं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आज विचारायला ती नाही.

आज तुमच्यापैकी प्रत्येकजण लाईन बाजारातून धारवाडी पेढा घेऊन घरी जाईल. जरूर न्या, आनंदाचा दिवस आहे, एकेक सगळ्यांना द्या. पण रात्री जेवायला बसाल तेव्हा एक करा. आईला चुलीपासून, गॅसपासून उठवा, पाटावर किंवा खुर्चीवर बसवा आणि पहिलं ताट तिचं वाढा: गरम भाकरी, उसळ, पालेभाजी, दही. ती नको म्हणेल, तरी वाढा. मग तिच्या शेजारी बसून तुम्ही जेवा, आणि जेवण झाल्यावर तिला घेऊन शतपावलीला निघा.

तुम्हा सर्वांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अभिनंदन.