पाळणाघरातला कॅमेरा कुणासाठी?



नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात 10 महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईनं बेदम मारलं. कॅमेरा चालू होता, सगळं टिपलं जात होतं. पण ते पाहिलं गेलं मुलगी जखमी होऊन घरी पोचल्यावर, आईवडिलांनी पोलीस ठाणं गाठल्यावर. नंतर ते चित्रण टीव्हीवर दाखवलं गेलं, मोबाइलवरून फिरलं. पोलिसांना आणि न्यायालयाला त्याची गरज होतीच. आपल्याला नव्हती. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 मनाई करतं. तरीही आपण असे व्हिडिओ हळहळत पुढे पाठवत राहतो.

2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे झाले. आता पाळणाघर निवडतानाही पालक पहिल्यांदा विचारतात, ‘कॅमेरे आहेत ना?’ ही काळजी मला पूर्ण पटते. कॅमेरा असावाच, चालू असावा, आणि चालकांनी त्याचं चित्रण रोज थोडा वेळ तरी पाहावं.

माझा विरोध आहे तो थेट प्रक्षेपणाला. ‘ऑफिसात बसून मोबाइलवर बाळ पाहा’, अशी जाहिरात असते. पण त्या पडद्यावर तुमचं बाळ एकटं नसतं. शेजारच्या गादीवर कुणाच्या तरी लेकराचा लंगोट बदलला जात असतो. तुमच्याकडचा पासवर्ड मामाकडे, काकाकडे जातो, आणि त्या लेकराच्या आईला त्याचा पत्ताही नसतो. 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण बाहेर गेलं आणि इंटरनेटवर चक्क विकलं गेलं. इंटरनेटला जोडलेल्या, सोप्या पासवर्डच्या कॅमेऱ्याचं असंच होतं, मग तो रुग्णालयात असो की पाळणाघरात.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 2017 मध्ये सांगितलं. रांगणारं मूल त्याला अपवाद नाही. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यानुसार मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. याबाबत कसूर झाल्यास दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याचे नियम आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. मुलांवर पाळत ठेवायला कायद्याची बंदी आहे, पण पाळणाघरांना त्यातून सवलत मिळाली आहे. ती फक्त मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. वाढदिवसाचा व्हिडिओ जाहिरातीत टाकणं त्यात बसत नाही.

आणि पाळणाघरातल्या मावशींचं काय? दिवसभर दहा लेकरांचं शी-शू काढणाऱ्या बाईला कॅमेरा कुठे आहे, हे आधी सांगायला हवं. ती साडी बदलते, घटकाभर पाठ टेकते, तिथे तो नकोच. मुलांच्या न्हाणीघरातही नको. आवाजाची नोंदही बंद ठेवावी. एकमेकींशी दोन शब्द मोकळेपणानं बोलता यावेत, एवढा त्यांचा हक्क आहेच.

प्रवेश घेताना एवढं जरूर विचारा: चित्रण किती दिवस राहतं, पासवर्ड कुणाकडे आहे, कॅमेरा बसवताना आलेला मूळ पासवर्ड बदलला का? उत्तरं लेखी घ्या. संशय आला तर मोबाइलवर तुकडा काढून ग्रुपवर टाकू नका. चित्रण पुसू नये, असं चालकांना लगेच लेखी कळवा आणि पोलिसांना यंत्रासह ते ताब्यात घ्यायला सांगा. चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलं होतं.

आणखी एक तरतूद फार कमी आयांना ठाऊक आहे. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असं 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आलं, आणि त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. खासगी पाळणाघरालाही विचारा, ‘मी न कळवता आले तर दार उघडाल ना?’ तिथे आढेवेढे घेतले, तर कॅमेरे कितीही असोत, दुसरं पाळणाघर शोधा.