साळिंदरी कोशांचे दार



कामगार चळवळीतल्या माणसाने खडकांतील सूक्ष्म जीवांवर का बोलावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर झाले. तेथे जे मिळाले त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवतो.

समुद्रात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव असतात. कित्येकांच्या अंगावर तुकड्यातुकड्यांचे चिलखत असते; कमरेभोवती एक आडवी खाच आणि पोटावर एक उभी खाच असते. त्यांतल्या काही जाती विश्रांतीसाठी चिवट कोश करतात. चिलखत कुजते, कोश गाळात बसतो आणि गाळाचा खडक होतो. तो खडक तीव्र आम्लात विरघळविला तरी कोश टिकतो. त्याचे मोजमाप बहुधा ०.०२ ते ०.१५ मिलिमीटर.

वर्णन करताना प्रथम अंग पाहावे. काही कोशांचा आकार जवळजवळ मूळ पेशीसारखाच असतो. काहींचे अंग लहान आणि काटे लांब. काहींना दोन भिंती आणि मध्ये पोकळी. मग काटे पाहावेत. ते कसेही उगवलेले नसतात. पुष्कळदा ते चिलखताच्या तुकड्यांच्या मध्यावर किंवा कोपऱ्यांवर असतात. म्हणजे चिलखत गेले तरी त्याचा नकाशा मागे राहतो.

१८३० नंतरच्या दशकात बर्लिनच्या एरेनबर्ग यांनी चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्यांत हे काटेरी गोळे पाहिले आणि त्यांना गोड्या पाण्यातल्या एका शेवाळाचे नाव दिले. १९३३ साली ओटो वेट्झेल यांनी त्यांना साळिंदरावरून नाव दिले. पण हे कोणाचे कोण, हे कळले नव्हते.

१९६१ साली अमेरिकेतील विल्यम एव्हिट यांनी कोशांवरील भोकाकडे बोट दाखविले. मडके फुटले की कड वेडीवाकडी होते. या भोकाची कड चिलखताच्या नेमक्या एका किंवा काही तुकड्यांएवढी होती, आणि एकाच जातीत ती जागा ठरलेली होती. ते भोक नव्हते, ते दार होते! आतला जीव झाकण ढकलून बाहेर पडला होता. पुढे त्याच दशकात वॉल आणि डेल यांनी समुद्रतळाच्या गाळातले जिवंत कोश प्रयोगशाळेत उबविले, आणि आतून खरोखरच डायनोफ्लॅजेलेट निघाले.

आम्हाला यात ओळखीचे काही दिसते. यंत्रावर एका कामगाराचे बोट गेले तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात. त्याच यंत्रावर दहा जणांचे तेच बोट, त्याच पेरापाशी गेले, तर दोष यंत्राच्या रचनेत असतो. पण हे कळावयाचे तर प्रत्येक जखमेची जागा कोणीतरी लिहून ठेवलेली पाहिजे. "हात दुखावला" एवढ्या नोंदीने न्याय मिळत नाही.

कोशांच्या बाबतीतही तसेच आहे. त्यांच्यावरून खडकांच्या थरांचे वय ठरते, तेलाच्या विहिरी खणताना त्यांचा आधार घेतात. म्हणून आजही अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली कोश फिरवून पाहतो, दार शोधतो आणि कोणता तुकडा गळाला आहे ते वहीत लिहितो.