पंख देण्यापूर्वीचे तीन प्रश्न
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महोत्सवात गतकाळाचा गौरव करण्याची प्रथा आहे. मी मात्र आज माझ्या एका चुकीची कबुली देणार आहे.

काही वर्षांपूर्वी, गोल बाजारात भांड्यांचे दुकान असलेल्या एका पालकांची कन्या बारावीनंतर पेढे घेऊन आली. "बाई, मी वैमानिक होणार! खाजगी महाविद्यालयात प्रवेश मिळाला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आशीर्वाद दिला, प्रश्न मात्र एकही विचारला नाही. वर्षभराने तिचे वडील आले. अभ्यासक्रम विमानतळ व्यवस्थापनाचा निघाला. त्यात उड्डाणाचा एकही तास नव्हता. माहितीपत्रकावरचे विमान केवळ चित्र होते. दुकानावर काढलेले कर्ज तेवढे खरे होते.

विमानतळ व्यवस्थापन हे कमी प्रतीचे शिक्षण नव्हे. परंतु पदवी निराळी आणि परवाना निराळा. पदवी विद्यापीठ देते. वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. हवाई नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आदी विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. हा खर्च लाखांच्या घरात जातो.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त उड्डाण-प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे काय? शुल्कात उड्डाणाचे किती तास आहेत, आणि त्यासाठी विमाने व प्रशिक्षक किती? मुलाची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी झाली आहे काय? ही तपासणी आधी, कर्ज नंतर.

खरे प्रशिक्षण पाहावयास फार दूर जावयास नको. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड ओलांडले की गोंदिया येते. तेथील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. पालकांनी एकदा धावपट्टीवरील विमाने आणि विद्यार्थ्यांच्या उड्डाण-नोंदवह्या स्वतः पाहाव्यात.

काही पालक विचारतात, "मराठी माध्यमातील मुलाला हे झेपेल काय?" आपल्या वर्गात सदिशांची बेरीज शिकवली जाते. विमानाचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची तीच बेरीज केली की जमिनीवरील मार्ग मिळतो. ती मराठीत समजली म्हणून वाऱ्याची दिशा बदलत नाही. रेडिओवरील संभाषणाचे इंग्रजी मात्र चांगले लागते. ते आम्ही शिकवूच. आणि मुलींचे म्हणाल, तर कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये केवळ महिला कर्मचारी असलेले प्रवासी विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले होते.

ती कन्या आज एका विमानतळावर नोकरी करते. कर्ज फिटले आहे. वर सांगितलेले तीन प्रश्न तिनेच आम्हास लिहून दिले. अकरावीच्या वर्गात फळ्याशेजारी ते लावले आहेत. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे : आपापल्या क्षेत्रातील असे प्रश्न आम्हास लिहून द्यावेत. देणगीइतकेच त्यांचे मोल आहे.

आशीर्वाद देणे सोपे असते. चौकशी करून दिलेला आशीर्वाद फळतो.